वारसांत नसलेली बहीण

हजारो गणपतींचे डोळे ज्याने हात न कापता आखले, त्या हमरापूरच्या हरेशचा हात रोह्यात वकीलबाईंपुढे कागद ठेवताना मात्र कापत होता. का नाही कापणार? आयुष्यातली पहिली जमीन-खरेदी, वरसे गावात दोन गुंठे, आणि त्यात मूर्तींच्या कारखान्याची सगळी शिल्लक जायची. एजंट रितेश म्हणत होता, "सातबारा लख्ख हाय, वकील कशाला?" पण हरेशची बायको नम्रता हटून बसली. वकिलाने बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाय, म्हणाली.

वकील पद्मजाबाईंनी सातबारा बाजूला ठेवून जुने फेरफार वाचले. "मूळ मालक वारले, तेव्हा वारस म्हणून दोन मुलगेच लावलेत. मुलगी नव्हती?"

"हाय की, सीताबाई. खांब गावात दिलेय," रितेश म्हणाला. "ती कशाला मागतेय? दर भाऊबीजेला साडी जाते तिला."

"साडीने हक्क सुटत नाही. उद्या ती कोर्टात गेली तर हरेशराव अडकतील. हक्कसोडपत्रावर तिची सही होईपर्यंत इसार द्यायचा नाही."

रितेशचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी हरेश खांबला गेला. सीताबाई ओटीवर वाल सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सही देईन. जमीन नको मला. पण भावांना सांग, सोता येऊन विचारा. बाप गेल्यापासून बारा वर्षांत विचारायला आलास तो तू, आणि तूही परका."

परत येताना हरेशला स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा कारखान्याच्या जागेसाठी तलाठ्यापुढे त्याने एकट्याचंच नाव सांगितलं होतं. आमच्यात बहिणी हिस्सा मागत नाय, असं तोही छातीठोक म्हणायचा. सगळेच म्हणतात मेले. आता बहिणीने, नमिताताईने, निम्मं मागितलं, तर कारखान्याच्या मधोमध भिंत येणार. भीती वाटली, तरी पेणला उतरल्या उतरल्या त्याने फोन लावला.

"ताय, बाबांच्या जागेवर तुझं नाव लावायचंय. मी तेव्हा सांगितलं नव्हतं."

"ठाव हाय मला. मी उतारा काढलाय कधीच."

"मग बोलली का नाय?"

"तू कधी विचारतोस ते बघत होते. या भाऊबीजेला साडी नको आणूस. माझ्या नावाचा कागद आण."