मिटलेल्या डोळ्यांचा रंग

परवान्याच्या कचेरीत कॅमेऱ्याने बापासोबत आलेल्या लेकीचा फोटो पाचव्यांदा नाकारला: ‘डोळे मिटलेले आहेत.’ आज परवाना मिळाला नाही, तर बस चालवायची नोकरी हातची जाणार होती.

“जरा डोळे वटारा ना, बाई,” कारकून म्हणाला.

“उघडेच आहेत!” लेक उसळली. “आमच्या लोकांचे डोळे असेच बारीक असतात. आईचेही होते. तुमच्या यंत्राला फक्त तुमच्यासारखेच कळतात.”

आईचं नाव निघताच बाप बाकावरून उठला. तो कारकुनाच्या खिडकीशी गेला. “साहेब, अर्जात डोळ्यांचा रंग राहिलाय. बघून लिहा.”

कारकुनाने वाकून पाहिलं. “तपकिरी.”

“मिटलेल्या डोळ्यांचा रंग दिसला होय तुम्हाला?”

रांग खो खो हसली. कारकुनाने ओशाळून अर्जावरचा यंत्राचा शेरा खोडला, ‘डोळे उघडे’ लिहून सही ठोकली. लेक परवाना नाचवतच बाहेर पडली.