गालावर शिकलेली जपानी

"तो शेवटचा 'सू' गिळाचा, साहेब. ओठावर येऊ द्याचा अन् तिथंच मारून टाकाचा."

श्रावण आमच्या शेतकी कचेरीतला शिपाई, आणि मी तिथला कारकून. अठ्ठावन्न सालची गोष्ट. भातलावणीची जपानी पद्धत दाखवायला जपानचे एक तज्ज्ञ केळापूरजवळच्या शेतावर यायचे होते. कचेरीचे अधिकारी रामराव साहेब यांना या पाहुण्यांचे आभार त्यांच्याच भाषेत मानायचे होते. इंग्रजी अक्षरांतल्या पुस्तिकेवरून ते 'अरिगाटो गोझाइमासू' घोकत बसले होते, आणि चहा ठेवायला आलेल्या श्रावणला ते ऐकवेना.

"'टो' नाई, 'तो'. जीभ दाताले लावा. अन् लांबवा थोडं, घाई कायले?"

पदवीधर साहेब शिपायाच्या हाताखाली बाराखडी गिरवताहेत, याची मला भारी मौज वाटली. पण रामराव मोठ्या मनाचे. त्यांनी विचारलं, "कुठं शिकला रे तू हे?"

"सिंगापुरात. पलटणीत होतो, धरल्या गेलो. साडेतीन वर्सं कैदेत. रोज सकाळी हजेरीचा आकडा जपानीत बोलाचा. उच्चार चुकला का थापड. मास्तर लय कडक भेटला." श्रावण हसला. "महिन्याभरात चुकनं बंद झालं माह्यं. आता एकडाव जपानी मानसासमोर बोलून पाहाचं हाय. थापड न खाता."

हे तो सहज बोलला. पण पाहुणे यायच्या दिवशी त्याने दोनदा दाढी केली.

साहेबांचं आभाराचं वाक्य बरं झालं, 'सू' तेवढा जिवंत राहिला. मग त्यांनी श्रावणला पुढे केलं. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तो ताठ उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि एकपासून दहापर्यंत आकडे खणखणीत म्हणाला. कुठेही अडखळला नाही.

पाहुणे खूष झाले. शाबासकी द्यायला त्यांनी हात उचलला, आणि श्रावणची मान आपसूक बाजूला वळली. डोळे घट्ट मिटले.

हात हवेतच राहिला. पाहुणे पन्नाशीचे होते. ही भाषा याला कुणी आणि कशी शिकवली, ते त्यांना विचारावं लागलं नाही. ते कमरेतून वाकले आणि तसेच वाकून राहिले. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

श्रावणने डोळे उघडले. टोपी सारखी केली.

"साहेब, त्यायले उठाले सांगा," तो म्हणाला. "ऊन लय हाय. अन् आज मले कोनी मारलं नाई."