उजव्या गालावरचा व्रण

चित्रकार डॉन एलादिओ बैलझुंजीची जन्मकथा तांब्यावर कोरत होते. पहिल्या पत्र्यावर फार जुनी माणसं, उघड्या माळावर, पायी, भाल्यांनी बैल मारताना. तेव्हा ना रिंगण होतं, ना टाळ्या. पुढच्या भालेकऱ्याला त्यांनी माझ्या भावाचा, ब्राउलिओचा, चेहरा दिला. ब्राउलिओ ईस्टरच्या झुंजीत बैलाच्या शिंगावर जाऊन मेला होता. त्याचं एकही चित्र आमच्या घरी नव्हतं. आमच्यासारख्यांची चित्रं कोण काढतं?

मी त्यांच्याकडे छपाई करते. पत्र्याला शाई चोळायची, मलमलीनं पुसायची, ओला कागद ठेवून पत्रा रुळाखालून काढायचा. पहिला ठसा मी मागून घेतला आणि धावतच आईकडे नेला.

आईनं तो परत दिला. "हा माझा नाही. माझ्या पोराचा व्रण उजव्या गालावर."

कागदावर तो डाव्या गालावर उमटला होता. पत्र्यावरचं कागदावर उलटं येतं, हे डॉन एलादिओंना मी काय शिकवणार? तीस वर्षं ते उलटंच कोरतात. पण ओळखीचा चेहरा आला आणि हात सरळ चालला. आईनं कागद शेगडीत टाकला. मी तो जळताना बघत राहिले, आणि त्याचाच मला अजून राग येतो.

व्रण बदलून द्या, म्हणून मी त्यांना विनवलं. ते कबूल झाले. तेवढ्यात चित्रांचा व्यापारी येऊन गेला. बैल तर खाटीकही मारतो, म्हणाला, लोकांना माणसाचं रक्त बघायचं असतं. ज्याचं जळतं त्याला कळतं; त्याचं काय जळत होतं?

पत्रा घासून पुन्हा कोरला गेला. व्रण उजव्या गालावर आला. पण चित्रातला बैल आता वळला, आणि त्याचं शिंग भालेकऱ्याच्या पोटात गेलं. डॉन एलादिओंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी मी चाळीस ठसे काढले, माझ्या भावाला चाळीस वेळा मारलं.

घरी एकही ठसा न्यायचा नाही असं ठरवलं होतं. पण आई काठी टेकत स्वतःच आली. दोरीवर वाळणाऱ्या कागदांपाशी थांबली. एकाच्या गालावर बोट ठेवलं.

"हा माझा."

मग बोट खाली, शिंगापर्यंत सरकलं.

"तू म्हणाली होतीस, लगेच गेला."

"लगेचच गेला, आई."

तो संध्याकाळपर्यंत तिलाच हाका मारत होता. आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि तो ओला कागद दोरीवरून काढून घेतला.