मावळतीआधी हललेला आरसा

खोमासच्या पठारावरच्या आमच्या वेधशाळेत एक नियम आहे. सूर्य बुडाल्याशिवाय दुर्बिणीचा आरसा हलवायचा नाही. घराएवढा आरसा तो, त्यात सूर्य सापडला तर होत्याचं नव्हतं होईल. दिवसभर चारही आरसे माना खाली घालून, उन्हाकडे पाठ करून उभे असतात.

संशोधनासाठी आलेल्या नांगुलाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिचा सगळा प्रबंध एका जोडताऱ्यावर होता. एक अवाढव्य तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा छोटासा, मेलेला. तीन-साडेतीन वर्षांनी तो मोठ्याच्या अगदी जवळून जातो, आणि तेवढेच दिवस तिथून भयंकर ताकदीचे गॅमा किरण येतात. ते हवेवर आदळले की क्षणभर निळसर चमक उठते, ती आरसे टिपतात. चांदण्यात तीही हरवते. अंधाऱ्या रात्री मोजक्याच होत्या, त्यातल्या बऱ्याच ढगांनी खाल्ल्या. त्यातच एका आरशाची मोटर अडली.

मोटर बघणारे हाउफिकू आम्हा सगळ्यांना बापासारखे, म्हणून त्यांना 'ताते' म्हणायचं. दुरुस्ती झाली, अंधार पडला की हलवून बघू, असं ते म्हणाले. पण तेव्हा पुन्हा बिघाड निघाला तर हीही रात्र जाणार, हे नांगुलाच्या डोक्यातून जाईना.

"आभाळ गच्च भरलंय, ताते. सूर्य आहेच कुठे?"

"आहे तिथंच आहे, पोरी."

तरी तिचं तोंड बघून ते विरघळले. मला दोघांचाही राग येतो, अजून येतो.

नांगुलाने नियंत्रणाच्या खोलीतून कळ दाबली. ताते आरशासमोर, तो ज्यावर फिरतो त्या रुळापाशी वाकून चाकांचा आवाज ऐकत होते. आरसा अर्धवट उचलला गेला आणि ढग फाटला. उजेडाचा पट्टा जमिनीवरून सरकला, गवत पेटलं, ताते चेहरा झाकून खाली बसले.

गाडी मी चालवत होतो. विंडहुकच्या इस्पितळाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर ते पुन्हापुन्हा विचारत होते, "संध्याकाळ झाली का रे?" बाहेर लख्ख ऊन होतं.

त्या रात्री आकाश निरभ्र राहिलं. उरलेल्या तीन आरशांवर नांगुलाने काम केलं, रडत रडत केलं म्हणतात. जोडतारा मनासारखा सापडला.

आठवड्याने मी तिला इस्पितळात नेलं. तातेंच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, आणि आता त्या काढून काही उपयोग नव्हता. त्यांची बायको न्दाहाफा, आमची मेमे, म्हणजे आईच, त्यांना बाजरीची पेज भरवत होती. तिने वर न बघता विचारलं, "दिसलं का मग तुला, जे बघायचं होतं ते?"

"डोळ्यांना दिसत नाही ते, मेमे," नांगुला म्हणाली. "नुसते आकडे असतात."

मेमेने पुढचा घास त्यांच्या ओठांशी नेला आणि म्हणाली, "तोंड उघडा."