मध्यंतरानंतरचा अर्धा

ताईला सख्खा भाऊ एकच, पण ताई म्हणणारे गावभर. ज्यांच्या चित्रपटात ना ओळखीचा नट ना एखादं गाणं, ज्यांना थिएटरवाले दारातही उभं करत नाहीत, असे सगळे दिग्दर्शक फिरून फिरून तिच्याकडेच यायचे. ती त्यांचा चित्रपट पर्समध्ये घालून या मॅनेजरकडून त्या मॅनेजरकडे जायची, एखादा पडेल खेळ पदरात पाडून घ्यायची, आणि मग फोन करकरून, गळ घालून, प्रसंगी भांडून माणसं खुर्च्यांवर आणून बसवायची. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. चित्रपट बनवणाऱ्याला निदान वेडा तरी म्हणतात, तो दाखवायला पळणारीला कोणी काहीच म्हणत नाही.

या वेळचा चित्रपट मात्र घरचा होता. धाकट्याचा.

धाकटा आणि अप्पा यांच्यात आई गेल्यापासून बोलणं म्हणजे "जेवलात का" आणि "दार लावून घ्या" एवढंच उरलं होतं. अप्पा शिंपी. आई इस्पितळात पडून होती तेव्हा दोघं मुलं रोज तिच्याकडे जायची, अप्पा एकदाही वर वॉर्डात गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, दुकानात काम आहे. आईला नेलं त्या दिवशीही ते मशीनवरच होते. धाकट्याने ते मनात धरलं ते धरलंच. आणि मग इतक्या वर्षांनी इस्पितळाचा जुना वॉचमन त्याला कुठेतरी भेटला आणि सहज बोलून गेला, की तुझे वडील रोज दुपारी मागच्या बाजूच्या बाकड्यावर येऊन बसायचे. वर का जात नाही विचारलं तर म्हणाले होते, ती नको म्हणते.

आता कोणीही शहाणा मुलगा घरी गेला असता आणि बापाचे पाय धरून मोकळा झाला असता. पण या घरातली माणसं असल्या सोप्या वाटेने जात नाहीत. तोंडाने चार शब्द बोलायचे होते, त्याऐवजी धाकट्याने अख्खा चित्रपट काढला. पहिल्या अर्ध्यात बायकोला बघायला न जाणारा शिंपी आणि त्याचा राग राग करणारा मुलगा. दुसऱ्या अर्ध्यात बाकडं. शेवटी मुलगा त्या बाकड्यावर बापाशेजारी जाऊन बसतो. माफी मागायची ती तिथे मागितली होती.

म्हणून हा चित्रपट अप्पांनी बघायला हवा होता, आणि आपल्याच गावात, माणसांनी भरलेल्या थिएटरात. अप्पा एकट्याने घरात बसून बघणाऱ्यातले नव्हते, लोकांच्या आडोशाने कदाचित रडलेही असते. ताईने एवढं एकच मनाशी धरलं होतं.

घोडं अडलं ते मॅनेजरपाशी. आठवडाभर दुपारचा खेळ त्याने दिला होता, आणि आठवडाभर खुर्च्या रिकाम्या होत्या. रविवारी निम्मं थिएटर भरलं नाही तर सोमवारी चित्रपट उतरणार, हे त्याने सरळ सांगून टाकलं. शिवाय रविवार हवा असेल तर मध्यंतर हवं. कॅंटीनवाला त्याच्या नावाने खडे फोडत होता. मध्यंतराशिवायचा चित्रपट म्हणजे त्याच्या पोटावर पाय. धाकट्याने चित्रपट सलग बांधला होता, मध्ये तोडायचं नाव काढलं असतं तर तो चित्रपट उचलून घरी गेला असता. ताईने त्याला विचारलंच नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ती हो म्हणाली. जागाही तिनेच ऑपरेटरला दाखवली: शिंप्याचं मशीन चालता चालता थांबतं, पलंग रिकामा दिसतो आणि पडदा थोडा वेळ काळा होतो, तिथे. तिला वाटलं, इतका सुबक सांधा दुसरा नाही.

रविवारी तिने माणसं आणली. अप्पांची जुनी गिऱ्हाइकं, शेजारी, लांबच्या मावश्या, धाकट्याचे शाळासोबती, कोण कोण. निम्म्याहून जास्त थिएटर भरलं. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले, गळ्यात मात्र टेप तशीच लोंबत होती, ती काढायची त्यांना सवयच नव्हती. ताईने त्यांना मधल्या रांगेत बसवलं आणि सांगितलं, की तुमच्यासाठीच केलाय. ते म्हणाले, बघू. धाकट्याला त्यांच्यासोबत बसायचा धीर झाला नाही, तो मागच्या जिन्यावर जाऊन बसला. बाकडं येईल तेव्हा आत येतो म्हणाला.

ताई मॅनेजरच्या खोलीत पुढच्या आठवड्यासाठी घासाघीस करत होती तेव्हा दारं उघडल्याचा आवाज आला. मध्यंतर झालं. ती बाहेर आली तर लोक डोळे पुसत येत होते. एका मावशीने तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, बाई, पोराने काय केलंय गं. शेजारच्या काकांनी पाठ थोपटली. ताईचा जीव सुपाएवढा झाला. चहा घ्या, चहा घ्या, ती सगळ्यांना म्हणत होती.

पण चहाकडे कोणी वळेना. कॅंटीनवाला कप मांडून उभा होता आणि माणसं त्याच्यासमोरून सरळ फाटकाकडे चालली होती. कोणी स्कूटर काढत होतं, कोणी चपलेचा अंगठा सरळ करत होतं. कोणीतरी म्हणालं, हे बरं असतं, लहान आणि नेटका, उगीच तीन तास डोकं खात नाहीत.

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. मोठ्या चित्रपटात "मध्यंतर" अशी पाटी येते. धाकट्याच्या चित्रपटात ती कुठून येणार? मशीन थांबलं, पलंग रिकामा झाला, पडदा काळा झाला, दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि उठले.

ती फाटकात आडवी उभी राहिली. अजून आहे, अर्धा राहिलाय, परत चला, म्हणून तिने एकेकाचा हात धरला. मावशी म्हणाली, अगं, आमचं रडून झालं सगळं, आता आणखी काय दाखवतेस? काही जण घुटमळले, हसले, घरी पाहुणे यायचे आहेत म्हणाले. उरलेले केव्हाच कोपऱ्यावरून वळले होते. आयुष्यभर माणसं आत ओढणाऱ्या बाईला त्या दिवशी एक माणूस मागे वळवता येईना.

मग तिला अप्पा आठवले. मधल्या रांगेतली त्यांची खुर्ची मोकळी होती. ते बाजूच्या दाराने गेले होते. ऑपरेटरने घंटी दिली, दिवे मालवले आणि नियमाप्रमाणे चित्रपटाचा पुढचा अर्धा सुरू केला. धाकटा मागच्या जिन्यावरून, पडद्याशेजारच्या दाराने अंधारातच आत आला आणि पहिल्या रांगेत ताठ बसला. मागे वळून बघायची त्याची हिंमत नव्हती. त्याच्या मागे ना बाप होता ना प्रेक्षक. ताईने ते दारातून पाहिलं आणि ती दुकानाकडे धावत सुटली.

दुकान मागच्याच गल्लीत होतं. अप्पा मशीनवर बसले होते, पण मशीन चालू नव्हतं. ताईने धापा टाकत सांगितलं, की चित्रपट संपलेला नाही, चूक माझी, मध्यंतर मी ठेवलं, तुम्ही परत चला.

"त्यात चुकीचं काय दाखवलंय?" अप्पा शांतपणे म्हणाले. "मी वर गेलो नाही ते खरंच आहे."

"अप्पा, अर्धाच झालाय."

"मग पुढच्या अर्ध्यात मी गेलो असं दाखवलंय का? तर ते खोटं आहे."

ताईला रडू फुटलं. लोकांना आवडलाय, मॅनेजर कदाचित ठेवेलही, पण हा एवढाच ठेवेल, आणि रोज माणसं येऊन तुम्हाला नावं ठेवून जातील, असं ती काहीबाही बोलत राहिली. अप्पांनी कात्री उचलली, पुन्हा ठेवली. "ठेवू देत नावं. पोराचं नाव होतंय ना? एवढाच दाखवा. बरं झालं तू तिथेच थांबवलंस."

इतक्या मायेने कोणी सुरी फिरवली नसेल. मग ताईने जे बोलायचं नव्हतं ते बोलून टाकलं. "पुढच्या अर्ध्यात बाकडं आहे, अप्पा."

अप्पांचा चेहरा पार बदलला. "बाकड्याचं त्याला कोणी सांगितलं?"

तिने वॉचमनचं सांगितलं. अप्पा उठले. दुकान उघडं टाकून, टेप गळ्यात, ते चालू लागले. मागून ताई काय म्हणते ते त्यांनी ऐकलं नाही. बंद करायला लावतो ते, एवढंच पुटपुटत होते. तुमच्या आईने शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही म्हणून, आणि हे लोक पडद्यावर लावतायत.

थिएटरात तीन डोकी होती. धाकटा, ऑपरेटर खिडकीत, आणि धंदा बुडालेला कॅंटीनवाला मागच्या रांगेत. पडद्यावर बाकडं होतं. त्यावर शिंपी झालेला नट हात मांडीवर ठेवून वरच्या खिडकीकडे बघत बसला होता. नट गुणी होता, बघवत नव्हतं इतका गुणी. अप्पा दारातच थांबले. ओरडण्यासाठी त्यांनी तोंड उघडलेलं ताईला दिसलं.

"हात रिकामे नव्हते," अप्पा म्हणाले.

रिकाम्या थिएटरात तो आवाज केवढा तरी झाला. धाकट्याने वळून पाहिलं. त्याला बाप दिसला, आणि बापामागे सगळ्या खुर्च्या दिसल्या.

"तिचा गाऊन असायचा हातात," अप्पा पडद्याकडे बघतच बोलत होते. "वर येऊ नका म्हणाली. तुमची नजर म्हणजे टेप, म्हणाली, किती उरलेय ते एका नजरेत मापाल. पण गाऊन नर्सबरोबर खाली पाठवायची. अंगाबरोबर आत घेऊन द्या म्हणायची, मुलं यायच्या आधी. मी तिथेच हाताने शिवण घालून वर पाठवायचो. दर वेळी आणखी आत. मला न बघता सगळं कळत होतं."

ताईने दाराची चौकट धरली. आई वाळतच नाही, गाऊन बघ कसा अंगाबरोबर बसतो, हे धाकट्याला रोज इस्पितळातून परतताना सांगणारी तीच होती. तेवढ्या आधारावर दोघांनी शेवटपर्यंत दिवस काढले होते.

धाकटा उठून आला, पण पुरता नाही. दोन रांगा सोडून उभा राहिला. "मला वाटलं, सगळे बघतायत," तो म्हणाला. "मागे इतकी शांतता होती."

ताईने त्याला मध्यंतराचं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला, आणि तो ओरडला असता तर बरं, असं तिला झालं.

तेवढ्यात दिवे लागले. पुढच्या खेळाची माणसं बाहेर जमली होती, शेवट राहिला होता तरी मॅनेजरने चित्रपट बंद करायला लावला होता. स्वारी खुशीत होती. लोक बाहेर चांगलं बोलत होते, असा छोटा चित्रपट दिवसात दोनदा लावता येतो, कॅंटीन आपण खेळाच्या आधी चालवू. पुढचा पूर्ण आठवडा देतो, तो म्हणाला, पण पहिला अर्धाच. मागचं बाकड्याबिकड्याचं नको, त्याला कोण बसतंय?

आठवडा. ताईने आजवर कुठल्याही मॅनेजरच्या तोंडून हा शब्द न मागता ऐकला नव्हता. जिभेवर आलेलं हो तिने गिळलं आणि धाकट्याकडे पाहिलं. या वेळी तिने विचारलं. अप्पा म्हणाले, दाखव रे, माझं काय जातंय. धाकटा बापाच्या हातांकडे बघत होता.

"उतरवा," तो म्हणाला.

मॅनेजरने खांदे उडवले. कामगार झाडू घेऊन आत आले. फाटकावरचं पोस्टर ताईनेच ओलं करून सोडवलं, कारण ते चिकटवलंही तिनेच होतं. निम्मं आलं, निम्मं भिंतीवर राहिलं. समोरून शेजारचे काका परत बाजारात निघाले होते. त्यांनी ताईला हात केला आणि अप्पांना पाहून नजर दुसरीकडे वळवली. अप्पांनी ते पाहिलं. हे आता रोज होणार होतं, आणि ते कोणाला काही सांगणार नव्हते.

तिघं गल्लीत शिरले. दुकानाच्या पायरीवर अप्पा थांबले, आत गेले आणि कपाटावरून अस्तराच्या पांढऱ्या कापडाचा तागा खाली काढला.

"मला शेवट बघायचाय," ते म्हणाले. "पण हे आपण तिघांनीच. बाहेर नाही दाखवायचं, तिला आवडायचं नाही."

ताईने मान हलवली. अप्पांनी तागा टेबलावर उलगडला, गळ्यातली टेप काढली आणि कितीतरी वर्षांनी धाकट्याला थेट एक प्रश्न विचारला.

"पडद्याला पन्हा किती लागतो रे?"