वरची चिन्हे मोजायची राहिली

मित्रांनो, मी ब्युरेट. आता बरीच जुनी झाले आहे. दीड हात उंचीची काचेची सडपातळ नळी, अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक रेघा आणि पायाशी एक छोटी तोटी, असे माझे रूप. तोटी फिरवली की माझ्यातले द्रावण थेंबथेंब खाली पडते आणि किती पडले ते माझ्या रेघा सांगतात. त्या खोटे सांगत नाहीत. हा माझा तोरा आहे असे म्हणा हवे तर, पण एवढा तोरा मला शोभतो.

मला भट्टीत ओढून घडवले, तोलून मापले आणि मग भिंग लावलेल्या एका बाईंनी माझी रेघ न् रेघ तपासली. माझ्या शेजारच्या बहिणीची एकच रेघ केसभर सरकली होती. तिला सरळ भंगाराच्या पेटीत टाकले! तेव्हापासून रेघांच्या बाबतीत मी फार हळवी आहे.

मी आले ती औषधांच्या एका कारखान्यात. तिथे लोहाच्या गोळ्या बनत. आजाराने पांढऱ्याफटक पडलेल्या माणसांना त्या देतात. प्रत्येक बॅचमधल्या काही गोळ्या कुटून आम्लात विरघळवत आणि त्यात लोह नेमके किती आहे ते शोधायचे काम माझे. माझ्यात जांभळेगर्द परमँगनेट भरत. त्याचा थेंब लोहाच्या द्रावणात पडला की जांभळा रंग नाहीसा होई. लोह संपले की पुढचा एकच थेंब फिकट गुलाबी होऊन टिकून राही. तिथे थांबायचे आणि रेघ वाचायची. तपासणीच्या मोठ्या बाई म्हणत, "हिच्यासारखी दुसरी नाही." मी नुसती फुगून जाई.

पुढे खोलीत बटणांची यंत्रे आली. माझ्या वाट्याला लोहाच्या गोळ्या तेवढ्या उरल्या आणि एरवी अंगावर धूळ. तरी मी कुरकुर केली नाही. खरे सांगायचे तर केली, पण काचेची कुरकुर कोण ऐकतो?

एकदा मोठ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना खोलीचा प्रभार त्यांनी नव्या मुलीकडे दिला. मुलगी हुशार होती, पण बोलणे, चालणे, लिहिणे सगळे भरभर. सगळे तिला घाईताई म्हणत. तिने परमँगनेटचे नवे द्रावण केले. त्याची तीव्रता वेगळी निघाली, म्हणून बाईंच्या वहीतला तयार आकडा चालेना. मग तिने अभिक्रियेचे समीकरण स्वतःच मांडले, संतुलित केले आणि हिशेब केला. एका गोळीत साठ मिलिग्रॅम लोह हवे होते. उत्तर आले बारा.

तिचा चेहरा उतरला. तिने पुन्हा तपासले. पुन्हा बारा.

कारखान्याचे साहेब धावत आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही म्हातारी गळत असणार. काढून टाका." मला स्टँडवरून काढले आणि फुटक्या काचांच्या खोक्यात ठेवले. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. कपाटातली कोरी करकरीत ब्युरेट आणली. तिनेही माझ्याइतकेच माप दाखवले. मी निर्दोष होते, पण मला खोक्यातून काढायचे कुणाला सुचले नाही, कारण दोष आता दुसऱ्याच्या माथी गेला होता.

तो दुसरा म्हणजे मिश्रण करणारे मामा. एकतीस वर्षे ते गोळ्यांची पावडर कालवत होते. प्रत्येक पोते आत नेताना एकदा मोजायचे आणि रिकामे झाल्यावर पुन्हा मोजायचे, ही त्यांची सवय. त्यावरून सगळे त्यांची थट्टा करत.

साहेब त्यांना आमच्या खोलीत बोलावून म्हणाले, "मामा, लोहाची बरीच पोती टाकायची राहिली तुमच्याकडून. माल सगळा नष्ट करावा लागणार. उद्यापासून मिश्रणाला दुसरा माणूस येईल."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग साहेब गेल्यावर ते घाईताईकडे आले.

"ताई, तुम्ही काय मोजलंत ते मला दाखवाल का? माझं कुठं चुकलं ते मला कळायला हवं. नाहीतर घरी जाऊन काय सांगू?"

तिला रडू आवरेना. तरी तिने कागद पुढे ओढला. "बघा मामा. डावीकडे परमँगनेट, लोह आणि आम्लातले आठ हायड्रोजन. उजवीकडे मँगनीज, लोह आणि चार पाणी. मँगनीज इकडे एक, तिकडे एक. लोह एकास एक. ऑक्सिजन चार, चार. हायड्रोजन आठ, आठ. सगळं जुळतंय."

मामांनी बोट ठेवून एकेक अक्षर मोजले. पोत्यांसारखेच, आत एकदा, बाहेर एकदा. मोजून झाल्यावर त्यांचे बोट अक्षरांच्या डोक्याशी थांबले.

"आणि ही वरची बारकी अधिक-उण्याची चिन्हं? ही नाही मोजायची?"

"तो विजेचा प्रभार, मामा. तो..." ती बोलता बोलता थांबली.

खोक्यातून मला तिचे तोंड दिसत होते. ते आधी लाल झाले, मग पांढरे. तिने पेन उचलले आणि पहिल्यांदाच हळूहळू मोजले. डावीकडे परमँगनेटचा उणे एक, लोहाचे अधिक दोन, हायड्रोजनचे अधिक आठ. एकूण अधिक नऊ. उजवीकडे मँगनीजचे अधिक दोन, लोहाचे अधिक तीन. एकूण अधिक पाच.

"जुळत नाही," मामा म्हणाले.

"नाही जुळत! मामा, मँगनीज पाच इलेक्ट्रॉन घेतं आणि लोह एकच देतं. म्हणजे एका परमँगनेटला पाच लोह लागतात. मी एकच धरलं!" तिने भराभर नाही, सावकाश लिहिले. आता दोन्हीकडे अधिक सतरा. "खोलीचा प्रभार मिरवत बसले आणि ह्यांचा विसरले!"

बारा पाचा साठ. गोळ्यांत लोह अगदी हवे तेवढेच होते.

मामा स्टुलावर मटकन बसले. "म्हणजे पोती टाकली होती मी," एवढेच ते दोनदा म्हणाले. मला तर वाटले, माझी तोटी कुणी न फिरवताच सुटते की काय! इतका माझा जीव हलका झाला होता.

घाईताईने चूक लपवली नाही. "मोजदादीत गडबड झाली" असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ती साहेबांना घेऊन मिश्रणाच्या खोलीत गेली. आमच्या खोलीचे दार उघडेच राहिले होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. सगळ्या कामगारांसमोर ती म्हणाली, "मामांचं काहीही चुकलं नव्हतं. चूक माझी होती." साहेब घसा खाकरून म्हणाले, "मामा, उद्या वेळेवर या." मग कुणीतरी मोठ्याने हसले, आणि मिश्रणाचे यंत्र घरघरत सुरू झाले. तो आवाज ऐकून मी आयुष्यभर कंटाळले होते, पण त्या दिवशी तो कितीतरी वेळ चालू राहावा असे वाटले.

परत आल्यावर तिने मला खोक्यातून काढले, परमँगनेट वाळून पडलेले तपकिरी डाग निघेपर्यंत धुतले आणि स्टँडवर लावले. हळूच म्हणाली, "तुझंही चुकलं नव्हतं गं."

मित्रांनो, आम्हा काचेच्या वस्तूंना जपून हाताळा, धुऊन ठेवा, हे तर सांगतेच. पण तुमच्याकडे एक मागणे आहे. उत्तर चुकले तर आधी आपला कागद पुन्हा एकदा बघा, वरच्या बारक्या चिन्हांसकट. आणि चूक आपलीच निघाली, तर ज्याच्यावर दोष ठेवला त्याच्या खोलीत जा आणि ती तिथे, चारचौघांत सांगा. मामांनी त्या दिवशी घरी जाताना टोपी पुन्हा डोक्यावर नीट घातली होती. ते मी उघड्या दारातून पाहिले आहे.