पुढचं डावं चाक

"बाई, इथे तर ही गाडी अगदी शहाण्यासारखी वागते," गॅरेजमधल्या, गाडीखालच्या खड्ड्यातून डोकं वर काढत मिस्त्री म्हणाले. "दोन दिवस झाले, केसभरसुद्धा खाली आली नाही."

स्टुलावर बसलेल्या बाईंनी चष्मा पदराला पुसला. "माझ्या वर्गात अशी मुलं असायची. साहेब तपासायला आले की हाताची घडी, पाठ वळली की दंगा."

मिस्त्री हसले. हातातला ब्रश पुन्हा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि खाली गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या खड्ड्याच्या पाच पायऱ्या दिवसातून वीस वेळा उतरायच्या म्हणजे गंमत नव्हती, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही. सकाळी हात स्वच्छ धुतल्याशिवाय ते गाडीला हात लावत नसत. संध्याकाळी पुन्हा हात धुऊन, गाडीच्या बॉनेटवर क्षणभर तळवा ठेवून घरी जात. बत्तीस वर्षांचा नेम होता तो. का, ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बाईंची गाडी सतरा वर्षांची, डोंगर चढणारी, दांडगी. तिच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. जाड रबराचे, हवेने भरलेले चार फुगे होते. एक बटण दाबलं की हवा सुटायची आणि गाडी चार बोटं खाली बसायची, दुसरं दाबलं की उठायची. अशा गाड्या आता कमीच उरल्या होत्या आणि त्या दुरुस्त करणारा गल्लीत एकच माणूस होता. म्हणून सगळे त्यांना फुगेवाले म्हणत.

"काय फुगेवाले, आज कुणाचा वाढदिवस?" समोरच्या दुकानातून वेल्डरने रोजच्यासारखी हाक दिली. मग बाईंकडे वळून म्हणाला, "बाई, ह्यांच्या नादी लागू नका. चार लोखंडी स्प्रिंगा टाकून देतो. एका दिवसाचं काम, जन्माची कटकट गेली."

तो खोटं बोलत नव्हता. अशा कितीतरी गाड्यांचे फुगे काढून मिस्त्रींनी स्वतःच स्प्रिंगा बसवल्या होत्या.

"मग ती खाली बसेल का?" बाईंनी विचारलं.

"लोखंड कशाला खाली बसतंय?"

"मग नको," बाई म्हणाल्या. आवाज हळू होता, पण त्यावर पुढे बोलायला वेल्डरलाही जागा दिसली नाही.

बाईंच्या घरी रोज सकाळी गाडी जमिनीला पोट टेकून बसलेली असे. चालू केली की हवा भरणारा पंप म्हाताऱ्यासारखा धापा टाकी. आधीच्या दोन गॅरेजांनी दोनदा पंपच बदलला होता. धाप लागते म्हणून छाती बदलली, पण हवा जाते कुठे, ते कुणी पाहिलं नव्हतं. आणि इथे मिस्त्रींनी चारी फुग्यांना, नळ्यांना, सांध्यांना साबण लावून पाहिला, तर एक बुडबुडा नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "बाई, मी गाडी घेऊन तुमच्या घरी येतो. गाडी पुष्कळ पाहिली. आता घर बघतो."

पाच वाजायच्या सुमाराला ते पोचले. व्हरांड्यात खुर्चीवर बाईंचे यजमान बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, भांग पाडलेला. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा.

"साडेचारपासून तयार आहेत," बाई म्हणाल्या. "दोन दिवस फिरणं चुकलं ना, माझ्यावर राग आहे."

जन्मभर जमिनीची मोजणी करणारा माणूस. ह्याच गाडीतून डोंगर-दऱ्या पालथ्या घातलेल्या. तीन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळायला लागलं. आता रोज पाच वाजता बाई त्यांना नदीवरच्या पुलापर्यंत नेऊन आणत. त्या पुलाची पहिली मोजणी त्यांनी केलेली.

बाईंनी बटण दाबलं. सुस्कारा टाकत गाडी खाली बसली. मोजणीदार काठी टेकत पुढच्या डाव्या दाराशी आले, डाव्या हाताने दाराची चौकट धरली, पाठ वळवली, सगळा भार त्या चौकटीवर देत सीटवर टेकले. मग डाव्या हाताने उजवा पाय उचलला आणि आत घेतला. चार मिनिटं लागली. मिस्त्री मदतीला पुढे सरसावले, तशी बाईंनी नजरेनेच थांबवलं. त्या स्वतः तेवढा वेळ पाठ करून उभ्या होत्या. अंगणातला नळ गळतोय का, ते बघत असल्यासारख्या.

"पोत्यासारखं उचललेलं त्यांना चालत नाही," नंतर त्या पुटपुटल्या. "ही चार बोटं आहेत म्हणून चाललंय, मिस्त्री. नाहीतर घराबाहेर पडायचे नाहीत ते."

आत मोजणीदार समोरच्या फळीवर बोटाने टकटक करत होते. "पळ... पळतो."

"काय पळतं? मांजर?" बाई वाकल्या. "अहो, मला नाही दिसत मांजर."

मोजणीदारांनी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात अशा वेळी जेवढे मिटायचे तेवढेच. मग पुन्हा टकटक. मिस्त्रींनी डोकं आत घातलं. फळीवर सपाटी दाखवणारी एक छोटी पितळी पाणसळ चिकटवलेली होती. तिच्यातला बुडबुडा मधल्या रेघेवरून अगदी हळू, उजवीकडे सरकत होता.

बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो. म्हणजे डावी बाजू खचत होती.

"साहेब, गाडी खाली बसलेली असतानाच असं होतं?"

"हं."

"उभी असताना?"

नकाराची मान हलली.

"अहो साहेब, तुम्ही तीन दिवस आधी भेटायला हवे होतात मला!"

मोजणीदारांचा अर्धा चेहरा हसला. "कुणी... विचारलं?"

परत आल्यावर मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली बसवली आणि तिची पातळी सांभाळणाऱ्या यंत्राचा फ्यूज काढून ठेवला. मग चारी चाकांवरची उंची टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहिली. सकाळी बाई आल्या तेव्हा तीन आकडे जसेच्या तसे होते. पुढचं डावं चाक तीन बोटं खचलं होतं.

"मग आमच्याकडे चारी बाजू कशा बसायच्या?"

"ह्या गाडीला शिकवलंच तसं आहे, बाई. एक चाक खचलं की बाकीची तिघं आपली हवा सोडून त्याच्या पातळीला उतरतात. गाडी तिरकी दिसायला नको म्हणून. त्यात आजारी कोण, तेच कळत नाही. फ्यूज काढला, तेव्हा कळलं."

स्टुलावर बसून बाई आपला गुडघा चोळत राहिल्या.

मिस्त्रींनी खड्ड्यात उतरून फुग्याच्या घडीला साबण लावला. गाडी खाली बसली की रबराला जिथे दुमड पडते, नेमक्या तिथे मोहरीएवढे बुडबुडे उमटले. रोज त्याच दुमडीवर एका माणसाचा सगळा भार येत होता. गाडी उठली की घडी उलगडायची आणि भेग मिटायची. घरी ती फिरून आल्यावर रात्रभर खालीच बसलेली असे, गॅरेजात मात्र उभी. साहेब आले की हाताची घडी!

नवा फुगा बसला. त्यानंतर वर्षभर बाई दर महिन्याला गाडी दाखवायला आणत. पाणसळीचा बुडबुडा कुठे आहे, तो निरोपही घेऊन येत. "मधे आहे म्हणालेत."

मग दोन महिने त्या आल्याच नाहीत.

आल्या त्या दुपारच्या, एकट्या. मिस्त्रींनी लांबूनच पाहिलं. गाडी उभी होती तशीच उंच ठेवून बाई उतरायला लागल्या. दोन्ही हातांनी दार धरलं, एक पाय खाली सोडला, तो हवेतच चाचपडला आणि शेवटचं अंतर त्या जवळजवळ घसरल्याच.

"स्प्रिंगा बसवा," त्या म्हणाल्या.

काय झालं, ते मिस्त्रींना विचारावं लागलं नाही. तरी त्यांनी विचारलं, "कधी?"

"महिना होईल परवा. झोपेत गेले." चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला. "महिनाभर ते बटण दाबलंच नाही मी. आता कुणासाठी दाबायचं?"

समोरच्या दुकानातलं वेल्डिंग थांबलं. वेल्डरने तोंडावरचा पत्रा वर केला, इकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ओढला.

मिस्त्रींनी जाऊन हात धुतले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग खिडकीतून हात घालून बटण दाबलं. सुस्कारा टाकत गाडी खाली बसली.

"खाली कशाला केलीत?"

"आत बसा जरा, बाई. मला स्टिअरिंग सरळ धरून हवंय."

बाई दाराशी आल्या. या वेळी काही धरावं लागलं नाही, चाचपडावं लागलं नाही. खुर्चीवर बसावं तशा त्या बसल्या, आणि बसल्यावर तशाच थांबल्या. एक हात स्टिअरिंगवर, एक गुडघ्यावर.

"तीन-चार वर्षं मीसुद्धा अशीच बसत होते की," त्या म्हणाल्या. "माझ्या ध्यानातच आलं नाही कधी."

मिस्त्री केव्हाच पाठ वळवून भिंतीवर टांगलेले पान्हे मोजत उभे होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, एकेक.

"मिस्त्री," मागून हाक आली.

"हां बाई."

"मधे आहे हो बुडबुडा."

"मग फुगेच असू द्या," मिस्त्री म्हणाले, आणि पान्हे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.